‘काहीही बदललेलं नाही’: थेरेसा मे, जेरेमी कॉर्बिन आणि २०१७ची ब्रिटिश निवडणूक

१८ एप्रिल २०१७ रोजी हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे डाउनिंग स्ट्रीटवरच्या आपल्या दारासमोर उभ्या राहिल्या आणि ८ जूनला सार्वत्रिक निवडणूक घ्यायची असल्याचं त्यांनी सांगितलं. संसदेची मुदत २०२०पर्यंत होती. मुदतपूर्व निवडणूक घेणार नाही, हे त्या महिनोन्‌महिने ठासून सांगत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कॉमन्स सभागृहाने ५२२ विरुद्ध १३ मतांनी मंजुरी दिली. विरोधी पक्षनेते, मजूर पक्षाचे जेरेमी कॉर्बिन यांनीही बाजूनेच मत दिलं.

त्या आठवड्यातली परिस्थिती पाहिली तर मे बाईंचा मोह समजण्यासारखा होता. बहुतेक जनमत चाचण्यांत हुजूर पक्ष मजूर पक्षाच्या वीसेक टक्के पुढे. इप्सॉस मोरी या संस्थेने एप्रिलमध्ये विचारलं होतं, सर्वांत सक्षम पंतप्रधान कोण ठरेल? ६१ टक्के लोकांनी मे यांचं नाव घेतलं, २३ टक्क्यांनी कॉर्बिन यांचं. ही संस्था हा प्रश्न १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून विचारत आली आहे आणि एवढा कौल तोवर कोणालाच मिळाला नव्हता. फेब्रुवारीत कोपलँडची पोटनिवडणूक हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून हिसकावली होती. सत्ताधारी पक्षाने पोटनिवडणुकीत विरोधकांची जागा जिंकण्याची ही १९८२नंतरची पहिलीच वेळ. कॉर्बिन यांची अवस्था त्याहून वाईट होती. वर्षभरापूर्वी त्यांच्याच खासदारांनी त्यांच्यावर १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास नोंदवला होता. पक्षसदस्यांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं म्हणून ते टिकले. ४ मेच्या स्थानिक निवडणुकांत हुजूर पक्षाला पाचशेहून अधिक जागांचा लाभ झाला.

निकाल लागला तेव्हा हुजूर पक्षाकडे ३१७ जागा होत्या, मजूर पक्षाकडे २६२. बहुमताला ३२६ लागतात. असलेलं बहुमत मे यांनी स्वतःहून मागितलेल्या निवडणुकीत घालवलं होतं.

सात आठवड्यांत मतदारांचं मत एवढं फिरलं कसं, याची सोपी उत्तरं तेव्हाही भरपूर होती. मे थंड आहेत, कॉर्बिन जिव्हाळ्याचे आहेत. मे घाबरल्या, कॉर्बिन लढले. यात खोटं काही नाही, पण यातून नेता जोखला कसा जातो ते कळत नाही. माझं म्हणणं असं की मतदार नेत्याला एखाद्या ठरीव आदर्शाशी ताडून पाहत नाही. नेता स्वतःविषयी जो दावा करतो, त्याच मापाने तो नेत्याला मोजतो. विरोधकांनी ज्याचा दावा खोडून आधीच पार तळाला नेलेला असतो, त्याच्या बाबतीत मोजणी त्या तळापासून सुरू होते.

मतपत्रिकेवर नसलेलं नाव

थेरेसा मे यांना प्रत्यक्ष मत देण्याची सोय फक्त मेडनहेड मतदारसंघातल्या लोकांना होती आणि कॉर्बिन यांना मत देण्याची इस्लिंग्टन नॉर्थमधल्या. बाकी ६४८ मतदारसंघांतल्या मतपत्रिकेवर ही नावं नव्हतीच. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपणही मत खासदाराला देतो आणि विचार करतो तो वर कोण बसणार याचा.

फरक आहे तो नेता मतदारासमोर कसा येतो यात. ब्रिटनमध्ये टीव्हीवर राजकीय जाहिरात विकत घेता येत नाही. पक्षांना ठरावीक प्रसारणवेळ मिळते, ती बहुतेक लोक चहा टाकायला उठून घालवतात. त्यामुळे नेता दिसतो तो बातम्यांत, मुलाखतींत आणि चर्चांत. वृत्तपत्रं उघडपणे बाजू घेतात, पण दूरचित्रवाणी आणि रेडिओवर निःपक्षपातीपणाचं कायदेशीर बंधन आहे आणि प्रचारकाळात त्याचा काच आणखी आवळला जातो. मोठ्या पक्षांना त्यांच्या ताकदीच्या प्रमाणात वेळ द्यावाच लागतो. एरवी ज्याच्याबद्दल इतरच बोलत असतात असा विरोधी पक्षनेता प्रचारकाळात रोज स्वतःच्या आवाजात ऐकू येऊ लागतो. २०१७मध्ये या नियमाचा परिणाम किती झाला ते पुढे येईलच.

चाचण्यांतले आकडे वाचतानाही जपायला हवं. ‘तुम्ही या नेत्यावर समाधानी आहात का’, ‘हा नेता तुम्हाला आवडतो का’ आणि ‘दोघांपैकी चांगला पंतप्रधान कोण’ हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात. तिसऱ्या प्रश्नात खुर्चीवर बसलेल्याला आयता फायदा असतो. लोकांनी त्याला ते काम करताना पाहिलेलं असतं. शिवाय पसंती म्हणजे मत नव्हे. १९७९मध्ये जेम्स कॅलहन हे मार्गारेट थॅचर यांच्यापेक्षा लोकांना व्यक्ती म्हणून बरेच अधिक पसंत होते. निवडणूक थॅचर यांनी जिंकली. २०१०मध्ये पहिल्या टीव्ही चर्चेनंतर लिबरल डेमोक्रॅट्सचे निक क्लेग एका रात्रीत देशाचे लाडके झाले, त्यांचा पक्ष चाचण्यांत तीस टक्क्यांच्या आसपास गेला, आणि मतदानाच्या दिवशी २३ टक्के मतं मिळवून पाच जागा गमावून बसला.

स्वतःच काढलेली प्रश्नपत्रिका

हुजूर पक्षाने २०१७ची मोहीम लिंटन क्रॉस्बी या ऑस्ट्रेलियन रणनीतीकाराच्या सल्ल्याने आखली. पक्षापेक्षा नेता लोकप्रिय आहे, तेव्हा नेत्यालाच पुढे करा, हे त्यातलं सूत्र. प्रचाराच्या बसवर ‘थेरेसा मे’ हे नाव ठळक आणि पक्षाचं नाव शोधावं लागेल एवढं बारीक होतं. ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, वाटाघाटींसाठी माझे हात बळकट करा, एवढंच मागणं होतं. आणि ‘स्ट्राँग अँड स्टेबल’, खंबीर आणि स्थिर, हे पालुपद सकाळ-संध्याकाळ चालू होतं.

मला या मोहिमेतला मूळ दोष पालुपदाच्या कंटाळवाणेपणात दिसत नाही. पालुपदं कंटाळवाणीच असतात आणि तरी चालतात. दोष असा की या एका शब्दजोडीने मतदाराला मोजपट्टी हातात दिली. दुसरा कुठला नेता एखाद्या धोरणावर माघार घेतो तेव्हा लोक त्या धोरणापुरतं बोलतात. ‘मी डगमगत नाही’ एवढ्याच भांडवलावर मत मागणारी व्यक्ती डगमगली, तर उरतं काय?

त्यात मे यांचा स्वभाव या मोहिमेला साजेसा नव्हता. गृहमंत्री म्हणून सहा वर्षं त्यांनी कमी बोलून, कागदपत्रं बारकाईने वाचून काम केलं होतं. लोकांना त्यांच्याबद्दल जो आदर होता तो त्यातूनच आलेला. ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर बाकीचे दावेदार एकमेकांचे पाय ओढत असताना या बाई तेवढ्या शांत उभ्या होत्या, म्हणून पंतप्रधान झाल्या. पक्षसदस्यांच्या मतदानाची वेळही आली नाही. म्हणजे देशपातळीवर लोकांसमोर जाऊन मतं मागण्याचा सराव त्यांना मुळी झालाच नव्हता. आता त्यांना रोज नव्या गावात, निवडक कार्यकर्त्यांपुढे, पाठ केलेली वाक्यं म्हणायची होती. प्लिमथच्या स्थानिक वृत्तपत्राला त्यांनी दिलेली मुलाखत गाजली ती त्यांच्या उत्तरांत काहीच नव्हतं म्हणून. ‘गार्डियन’चे जॉन क्रेस यांनी आदल्या वर्षीच त्यांना ‘मेबॉट’, म्हणजे मे नावाचा रोबॉट, म्हटलं होतं. तोवर ती पत्रकारांतली थट्टा होती, आता ती घराघरांत पोचली.

एक लाख पौंड

१८ मे रोजी हॅलिफॅक्समध्ये हुजूर पक्षाचा जाहीरनामा आला. त्यातल्या एका परिच्छेदाने निवडणूक फिरवली असं म्हणतात. तो परिच्छेद नीट समजून घ्यायला हवा, कारण मतदार नुसता गोंधळाला भुलला नव्हता. त्याला हिशोब कळला होता.

इंग्लंडमध्ये दवाखान्यातले उपचार मोफत आहेत, पण म्हातारपणी अंघोळ घालायला, भरवायला, उठवा-बसवायला जी मदत लागते ती ‘सामाजिक देखभाल’ म्हणून वेगळी मोजली जाते आणि तिचे पैसे ज्याचे त्याला भरावे लागतात. कर्करोग झाला तर सरकार खर्च करतं. स्मृतिभ्रंश झाला तर वर्षानुवर्षांच्या देखभालीत घर जातं. तेव्हाची व्यवस्था अशी होती: देखभाल-निवासात जावं लागलं तर राहतं घर मालमत्तेत धरलं जाई आणि २३,२५० पौंडांपेक्षा जास्त मालमत्ता असेल तर पूर्ण खर्च स्वतःचा. घरीच राहून मदत घेतली तर मात्र घराची किंमत धरत नसत.

मे यांच्या प्रस्तावात दोन बदल होते. एक चांगला: २३,२५०ची मर्यादा वाढवून एक लाख पौंड, म्हणजे काहीही झालं तरी एवढी रक्कम वारसांसाठी उरणार. दुसरा कडू: घरीच राहून मदत घेणाऱ्यांचंही घर आता हिशोबात धरणार, वसुली मृत्यूनंतर. उत्तरेतल्या स्वस्त घराच्या मालकाचा यात फायदाही होऊ शकत होता. दक्षिणेत महाग घर असलेल्या, घरातच पडून असलेल्या वृद्धेच्या मुलांचा तोटा निश्चित होता. आणि ही महाग घरं हुजूर पक्षाला वर्षानुवर्षं मत देणाऱ्यांची होती.

शिवाय खर्चावर वरची मर्यादा नव्हती. अँड्र्यू डिलनॉट यांच्या आयोगाने २०११मध्ये अशी मर्यादा सुचवली होती. ती ७२,००० पौंड ठरवून अंमल २०२०वर ढकलला गेला होता. नव्या जाहीरनाम्यात ती गाळली होती आणि आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी त्याच दिवशी रेडिओवर ती मुद्दाम गाळल्याचं सांगितलं. जोडीला पेन्शनवाढीची हमी सैल करणं, हिवाळ्यातल्या इंधनभत्त्याला उत्पन्नाची अट लावणं आणि शाळेच्या पहिल्या वर्गांतल्या सगळ्याच मुलांना मिळणारं मोफत दुपारचं जेवण बंद करणं होतंच. ‘डिमेन्शिया टॅक्स’, म्हणजे स्मृतिभ्रंशावरचा कर, हे नाव विरोधकांनी त्याला चिकटवलं आणि दोन दिवसांत ते हुजूर उमेदवारांना मतदारांच्या दारात ऐकू येऊ लागलं. हा प्रस्ताव मंत्रिमंडळातल्या बहुतेकांनाही ऐनवेळी कळला होता. मे यांच्याभोवतीचं वर्तुळ निक टिमथी आणि फिओना हिल या दोन सहायकांपुरतं आवळलेलं होतं. या दोघांनी निकालानंतर दोन दिवसांत राजीनामे दिले.

२२ मे. वेल्समधलं रेक्सहॅम. मे यांनी सांगितलं की खर्चावर कमाल मर्यादा असेल. पत्रकारांनी विचारलं, मग हे घूमजावच नाही का? त्या चिडून म्हणाल्या, काहीही बदललेलं नाही. लगेच पुन्हा म्हणाल्या, काहीही बदललेलं नाही.

१९४५पासून ब्रिटिश निवडणुकांचा अभ्यास करणारे डेव्हिड बटलर यांनी तेव्हा नोंदवलं की वीस निवडणुका पाहिल्या, पण प्रचाराच्या मध्यात एवढं मोठं घूमजाव आठवत नाही. माझ्या मते माघारीने झालं त्याहून अधिक नुकसान त्या वाक्याने केलं. आम्ही लोकांचं ऐकलं, बदल केला, असं म्हटलं असतं तर चार दिवसांत विषय मागे पडला असता. पण ‘खंबीर आणि स्थिर’ या प्रतिमेला माघार परवडत नव्हती, म्हणून घडलेलं नाकारणं भाग पडलं. ज्या गुणावर मत मागितलं तोच कॅमेऱ्यासमोर फसला, आणि जोडीला प्रामाणिकपणाही गेला.

तळाला असण्याचा फायदा

कॉर्बिन यांचं कौतुक करणारे म्हणतात की लोकांना ‘खरा माणूस’ दिसला. थोडं तसं आहेच. पण हेही विसरू नये की त्यांना पास होण्यासाठी लागणारे गुण फारच कमी ठेवले गेले होते. दोन वर्षं बहुतेक वृत्तपत्रांनी त्यांना एकतर धोकादायक किंवा हास्यास्पद रंगवलं होतं. त्यांच्याच पक्षाचे खासदार त्यात भर घालत होते. एप्रिलमध्ये सरासरी मतदाराच्या डोक्यात जो कॉर्बिन होता तो टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर धड एक वाक्य बोलू शकेल असं कोणाला वाटत नव्हतं. प्रचारकाळाचे प्रसारणनियम लागू झाले आणि तो माणूस रोज संध्याकाळी शांतपणे, न रागावता, रेल्वे आणि शाळांबद्दल बोलताना दिसू लागला. अपेक्षा आणि दर्शन यांतलं अंतर त्यांच्या खात्यात जमा झालं.

मजूर पक्षाच्या जाहीरनाम्याचा मसुदा आठवडाभर आधीच फुटला. हा अपघात मानला गेला, पण त्यामुळे रेल्वेचं राष्ट्रीयीकरण, इंग्लंडमधलं विद्यापीठ शुल्क रद्द करणं, श्रीमंतांवर वाढीव कर या गोष्टींची चर्चा दोनदा झाली: एकदा मसुदा फुटल्यावर आणि एकदा १६ मेला ब्रॅडफर्डमध्ये जाहीरनामा निघाल्यावर. योजना लोकांना आवडल्या. वर्षाला नऊ हजार पौंडांवर शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याला यात नेता किती आवडला आणि शुल्कमाफी किती, हे वेगळं काढून दाखवणं त्याचं त्यालाही जमणार नाही. २० मे रोजी बर्कनहेडच्या ट्रॅनमियर रोव्हर्स मैदानावर संगीताचा कार्यक्रम चालू असताना कॉर्बिन मंचावर आले आणि हजारो तरुण त्यांचं नाव एका गाजलेल्या चालीवर गाऊ लागले. ते गाणं पुढे उन्हाळाभर टिकलं.

चुका त्यांच्याही झाल्या. ३० मे रोजी रेडिओवर मोफत बालसंगोपनाच्या योजनेचा खर्च विचारला तेव्हा त्यांना आकडा सांगता येईना. टॅबलेटवर शोधाशोध करताना ते ऐकू आले. मे यांच्याकडून असं घडतं तर मथळे आठवडाभर चालले असते. कॉर्बिन यांचं दुसऱ्या दिवशी विरलं, कारण मी हिशोबात पक्का आहे असा दावा त्यांनी कधी केलाच नव्हता. मी न्यायाच्या बाजूचा आहे, एवढाच त्यांचा दावा.

उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडण्यासाठी सशस्त्र लढा देणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीशी त्यांची जुनी जवळीक आणि अण्वस्त्रांना विरोध, ही हुजूर पक्षाची हुकमाची पानं होती. अँड्र्यू नील यांनी बीबीसीवरच्या मुलाखतीत त्यांना त्यावर चांगलंच धरलं. मतदानाच्या आदल्या दिवशी ‘डेली मेल’ने मजूर नेत्यांना दहशतवाद्यांचे कैवारी ठरवायला तेरा पानं खर्ची घातली. परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी झाला. ज्यांना या गोष्टींचा राग होता त्यांना तो दोन वर्षांपूर्वीच आलेला होता. आणि उत्तर आयर्लंडचा शांतता करार १९९८चा. वीस-बावीस वर्षांच्या मतदाराला ते सारं आजोबांच्या काळातलं.

मँचेस्टर, लंडन ब्रिज

रेक्सहॅमचा गोंधळ झाला त्याच रात्री मँचेस्टर अरेनामध्ये आत्मघाती स्फोट होऊन २२ जण मारले गेले. त्यांत लहान मुली होत्या. प्रचार थांबला. ३ जूनला लंडन ब्रिजवर हल्ला झाला, आठ जणांचे जीव गेले.

अशा वेळी सत्तेवरच्या नेत्याभोवती लोक एकवटतात, हा राजकारणातला नेहमीचा अनुभव. त्यात मे माजी गृहमंत्री, कॉर्बिन शांततावादी. लाभ कोणाचा, हे उघड वाटत होतं. झालं असं की चर्चा पोलिसांच्या संख्येकडे वळली. मे गृहमंत्री असताना इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे वीस हजार पोलीस कमी झाले होते, हा आकडा कॉर्बिन यांनी पकडला. मँचेस्टरनंतर चौथ्या दिवशी प्रचार पुन्हा सुरू करताना परदेशातल्या युद्धांचा आणि घरच्या दहशतवादाचा संबंध जोडणारं भाषणही त्यांनी केलं. तेव्हा अनेकांना तो राजकीय आत्मघात वाटला, पण तसं काही झालं नाही. खंबीरपणाचा दावा करणाऱ्या बाईंना त्यांच्या खात्याचा जुना हिशोब विचारला गेला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दावा मोठा असला की जुन्या वह्याही उघडतात.

रिकामी जागा

३१ मे रोजी केंब्रिजमध्ये बीबीसीची सात पक्षांची चर्चा होती. मे जाणार नव्हत्या. कॉर्बिन यांनी त्याच दिवशी जाहीर केलं की मी जातो. हुजूर पक्षातर्फे गृहमंत्री अँबर रड उभ्या राहिल्या, वडिलांच्या निधनाला दोन दिवसही धड झाले नव्हते तेव्हा. त्या बऱ्या लढल्या, पण संध्याकाळचा विषय पंतप्रधानांची अनुपस्थिती हाच राहिला. माझ्याकडे पाहून मत द्या म्हणायचं आणि दिसायचं मात्र नाही, हे ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं झालं.

दोन दिवसांनी यॉर्कमध्ये दोघे एकाच मंचावर, पण एकामागून एक, प्रेक्षकांच्या प्रश्नांना सामोरे गेले. एका परिचारिकेने पगार वर्षानुवर्षं तिथेच असल्याचं मे यांना सांगितलं. मे म्हणाल्या, पैशाचं जादूचं झाड नसतं. कॉर्बिन यांना अण्वस्त्र वापराल का, असं चार-पाच जणांनी खोदून विचारलं आणि ते सरळ उत्तर देईनात. अखेर प्रेक्षकांतली एक तरुणीच उठून म्हणाली की लाखो लोकांना मारायची एवढी घाई सगळ्यांना का झाली आहे? त्या रात्री दोघांच्याही कमकुवत जागा दिसल्या. कॉर्बिन यांच्या बाजूने प्रेक्षकांतून कोणीतरी बोललं, मे यांच्या बाजूने उठलेला तसा आवाज लक्षात राहिला नाही. पक्ष बाजूला ठेवून एकट्या नेत्यावर मोहीम उभारली की असंही होतं.

आकडे काय म्हणतात

इथवरची कहाणी मे यांच्या पराभवाची वाटते. मतांचा हिशोब मात्र वेगळंच दाखवतो. हुजूर पक्षाला ४२.४ टक्के मतं मिळाली. २०१५मध्ये डेव्हिड कॅमरन यांना ३६.९ टक्के मिळाली होती. १९८३मध्ये थॅचर यांनी याच ४२.४ टक्क्यांवर ३९७ जागा जिंकल्या होत्या. म्हणजे मतदारांनी मे यांना झिडकारलं असं म्हणता येत नाही. घडलं ते हे की मजूर पक्ष ३०.४वरून ४० टक्क्यांवर गेला. १९४५नंतर मजूर पक्षाची एका निवडणुकीत एवढी वाढ झालेली नव्हती. युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी झगडणारा यूकिप हा पक्ष १२.६वरून दोन टक्क्यांच्याही खाली आला. ती मतं सगळी आपलीच, हे हुजूर पक्षाचं गणित अर्धंच खरं ठरलं.

आणि ‘चांगला पंतप्रधान कोण’ या प्रश्नात मे शेवटच्या आठवड्यातही कॉर्बिन यांच्या पुढेच होत्या. अंतर घटलं होतं, उलटलं नव्हतं. अनेकांनी मे यांना बऱ्या पंतप्रधान मानूनही मजूर पक्षाला मत दिलं. त्यांना मे यांचा विजय गृहीत वाटत होता आणि एवढं मोठं बहुमत त्यांच्या हाती नको होतं. मजूर उमेदवार दारोदार हेच सांगत फिरले: कॉर्बिन काही जिंकत नाहीत, मला तेवढं निवडून द्या. नेत्याला न स्वीकारता त्याच्या पक्षाला मत देण्याची ही पळवाट संसदीय पद्धतीत नेहमीच असते.

नकाशावरही एकच कौल दिसत नाही. दीर्घकाळ हुजूर पक्षाकडे असलेलं कँटरबरी मजूर पक्षाने १८७ मतांनी घेतलं, लंडनमधलं धनाढ्य केन्सिंग्टन अवघ्या २० मतांनी. त्याच रात्री १९२३पासून मजूर पक्षाकडे असलेलं मॅन्सफील्ड हे खाणकामगारांचं गाव हुजूर पक्षाकडे गेलं. कॉर्बिन विद्यापीठाच्या गावात ज्या कारणांनी आवडले त्याच कारणांनी मॅन्सफील्डमध्ये नावडले. आणि मे यांना तारलं कोणी? स्कॉटलंडने. तिथे हुजूर पक्ष एका जागेवरून तेरावर गेला, रूथ डेव्हिडसन या स्कॉटिश नेत्याच्या जोरावर. त्या स्वतः या निवडणुकीत उभ्याही नव्हत्या.

लहान पक्षांचं थोडक्यात. लिबरल डेमोक्रॅट्सचे टिम फॅरन यांना समलैंगिक संबंध पाप आहे का, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारला गेला. उत्तर द्यायला त्यांनी घेतलेला वेळ त्यांना महागात पडला. निकालानंतर आठवड्याच्या आत त्यांनी नेतेपद सोडलं.

संशोधकांपुढची खरी अडचण कार्यकारणाची. कॉर्बिन आवडू लागले म्हणून लोक मजूर पक्षाकडे गेले, की मजूर पक्षाकडे जायचं ठरलं म्हणून कॉर्बिन आवडू लागले? ब्रिटिश इलेक्शन स्टडी ही दीर्घकालीन पाहणी त्याच त्याच लोकांना प्रचाराआधी, प्रचारात आणि नंतर प्रश्न विचारते, त्यामुळे काही प्रमाणात क्रम लावता येतो. तिथल्या अभ्यासकांच्या विश्लेषणात प्रचारकाळात कॉर्बिन यांच्याबद्दलचं मत मोठ्या प्रमाणात सुधारलेलं आणि मजूर पक्षाच्या उसळीशी घट्ट बांधलेलं दिसतं. ब्रेक्झिटला नाखूश असलेल्या मतदारांची ओढही मजूर पक्षाकडेच होती. तरुणांच्या मतदानाची ‘लाट’ आली, असं तेव्हा सर्वत्र बोललं गेलं. याच पाहणीच्या घरोघर मुलाखतींत मतदान करणाऱ्या तरुणांचं प्रमाण तेवढं वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. तरुण मजूर पक्षाकडे झुकले हे मात्र निर्विवाद.

निकालानंतर तीन-चार दिवसांनी यूगव्ह या संस्थेच्या चाचणीत कॉर्बिन यांच्याबद्दल चांगलं आणि वाईट मत असणारे अगदी सारखे निघाले: ४६ आणि ४६. मे यांच्याबद्दल चांगलं मत २९ टक्के, वाईट ६३. मतदानापूर्वीपेक्षा ही घसरण कितीतरी मोठी होती. ज्यांनी नुकतंच त्यांना मत दिलं होतं त्यांतल्याही कित्येकांनी हरल्यावर त्यांना खाली उतरवलं. पराभव स्वतःच नेत्याबद्दलचा पुरावा बनतो, विशेषतः खंबीर म्हणवणाऱ्या नेत्याबद्दल. बहुमतासाठी डीयूपी या उत्तर आयर्लंडमधल्या पक्षाच्या दहा खासदारांचा पाठिंबा मिळवायला त्यांना तिथल्या खर्चासाठी एक अब्ज पौंड कबूल करावे लागले. जादूच्या झाडाची आठवण विरोधकांनी करून दिली नसती तरच नवल.

तोच माणूस, अडीच वर्षांनी

डिसेंबर २०१९मध्ये कॉर्बिन पुन्हा मतदारांसमोर गेले. सभा तशाच, जाहीरनामा आणखी भरघोस. या वेळी मजूर पक्षाला ३२.१ टक्के मतं आणि २०२ जागा मिळाल्या. मधल्या काळात पक्षातल्या ज्यूद्वेषाच्या तक्रारी त्यांना नीट हाताळता आल्या नव्हत्या आणि ब्रेक्झिटवर ते शेवटपर्यंत कुंपणावर बसून राहिले. मी तत्त्वाचा माणूस आहे, मनातलं बोलतो, हा त्यांचा एकमेव दावा होता; काळाच्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर त्यांनी मनातलं सांगितलं नाही. तळापासून मोजणी सुरू होण्याची सवलतही आता नव्हती. २०१७मध्ये ते जिंकणारच नाहीत म्हणून मत देणं सोपं होतं, २०१९मध्ये ते जिंकू शकतात हे लोकांना ठाऊक होतं.

समोर मे यांच्या जागी पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन होते. अँड्र्यू नील यांची मुलाखत द्यायचं त्यांनी टाळलं. बाकीच्या प्रमुख नेत्यांनी ती दिली होती आणि नील यांनी कॅमेऱ्यासमोर त्यांना उघड आव्हान दिलं. टीका खूप झाली, मतं हलली नाहीत. मे यांना चर्चा टाळणं भोवलं, जॉन्सन यांना नाही. ते सावध, जबाबदार, भरवशाचे आहेत असं त्यांनी कधी भासवलंच नव्हतं. ब्रेक्झिट उरकून टाकतो, एवढंच ते म्हणत होते. त्यांच्या जाहीरनाम्यात वृद्धांच्या देखभालीची योजना मुळी नव्हतीच. देखभालीसाठी कोणाला घर विकावं लागणार नाही एवढी हमी होती आणि बाकीचं सर्व पक्षांशी बोलून ठरवू, असं लिहिलं होतं. हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या.